ओळख वक्त्यांची, नाव गटाचं

गटाच्या मेळाव्यात आपण पाहुण्यांची ओळख पदावरून करून देतो. आज जरा वेगळ्या ओळखीविषयी बोलू.

वेबसाइट बनवणाऱ्यांचा एक मेळावा असतो, वर्डकॅम्प. पहिला २००६ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला झाला. पुढे पुणे, मुंबई आणि आपल्या नाशकातही भरला. वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर २००३ पासून फुकट मिळतं, मराठीतही चालतं. या मेळाव्यात बोलणारे मानधन घेत नाहीत. त्यांची ओळख कामावरून होते: ही पानाची मांडणी करते, हा कोड लिहितो, ही मजकूर मराठीत आणते. त्यामुळे कोणता प्रश्न कोणाला विचारायचा ते कळतं.

हे का सांगते? आमच्या गटाने पापड-मसाल्यांसाठी वेबसाइट करून घेतली. करणाऱ्याने डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घेतला. वर्षाने त्याचे पैसे भरायचे राहिले आणि साइट बंद पडली. पाकिटांवर छापलेला पत्ता वाया गेला.

म्हणून डोमेन गटाच्या ईमेलवर घ्या. पासवर्ड दोघींकडे ठेवा. मुदतीची तारीख गटाच्या वहीत लिहा. हे आधी विचारायला आमच्या ओळखीचं कोणी नव्हतं.

असा मेळावा भरला, तर दोघी-तिघी मिळून जा. लाजू नका, विचारा. उद्या तिथे तुमचीही ओळख होऊ दे: ‘या ताई गटाचा माल वेबसाइटवर विकतात.’