चौंडीचा धडा



२०२४ साली नगर जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले. ज्यांच्या स्मरणार्थ ते दिले गेले, त्या अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी जामखेड तालुक्यातील चौंडी गावी झाला. मुलीच्या हाती लेखणी देण्याची प्रथा नसलेल्या त्या काळात माणकोजी शिंदे यांनी आपल्या कन्येस लिहा-वाचावयास शिकविले. पुढे सासरे मल्हारराव होळकर यांनी तिला राज्यकारभारात मुरविले. तोफखान्याची आणि दारूगोळ्याची व्यवस्थाही तिच्यावर सोपविली. १७६७ ते १७९५ या काळात त्यांनी केलेले राज्य हे त्या दोन वडीलधाऱ्यांच्या विश्वासाचे फळ होय. ज्या जिल्ह्याने हे नाव धारण केले, त्याने हा विश्वासही धारण केला आहे काय?

मुलगे आणि मुली यांच्या वाढीत भेद नाही, असे कोणी म्हणणार नाही. मुली सरासरीने थोड्या आधी बोलू लागतात. त्यांना वयातही एक-दोन वर्षे आधी येते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासानुसार मेंदूचे एकूण आकारमान मुलींमध्ये साडेदहाव्या, तर मुलांमध्ये साडेचौदाव्या वर्षाच्या सुमारास कमाल पातळी गाठते. परंतु हा भेद वेळापत्रकाचा आहे. त्यावरून बुद्धीचे माप काढता येत नाही. जॅनेट हाइड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विदुषीने २००५ साली अनेक संशोधनांचा एकत्रित धांडोळा घेतला, तेव्हा स्त्री-पुरुषांतील बहुतेक मानसिक भेद अल्प किंवा नगण्य आढळले. दोन मुलींमधील अंतर हे मुलगा-मुलगी यांच्या सरासरीतील अंतरापेक्षा पुष्कळदा मोठे असते.

हे वेळापत्रक न समजल्याने घरोघरी दोन अन्याय होतात. सहा वर्षांच्या मुलाचे अक्षर बहिणीइतके वळणदार नसले, की त्याच्यावर ‘मठ्ठ’ असा शिक्का बसतो. त्याला हवा असतो थोडा अवधी, मैदानावरचा खेळ आणि हाताला काम. दुसरा अन्याय अधिक गंभीर आहे. तेरा-चौदा वर्षांची मुलगी शरीराने मोठी दिसू लागली, की ‘आता शाळा पुरे’ असे म्हटले जाते. तिची समज वेगाने उमलत असते, नेमकी तेव्हाच तिच्या हातातली वही सुटते. जामखेड, पाथर्डी, शेवगाव या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम बहुधा थोरल्या मुलीकडेच येते. तिची शाळा बुडते आणि मग तिला अभ्यासात गती नाही, असा निष्कर्ष काढला जातो.

संधी मिळाल्यावर काय होते, ते निकाल सांगतात. २०२५ च्या दहावीच्या परीक्षेत राज्यात ९६.१४ टक्के मुली आणि ९२.३१ टक्के मुलगे उत्तीर्ण झाले. याचा अर्थ मुलगे बुद्धीने कमी, असा नव्हे. एका जागी बसणे, नेटकेपणा, सांगितलेले वेळेवर पुरे करणे यांचे वळण मुलीला लहानपणापासून लावले जाते. मुलग्याला मात्र ‘मुलगाच तो’ म्हणून सूट मिळते. ही सूट म्हणजे लाड नव्हे. ती त्याची हानी आहे.

याच नगरमध्ये सिंथिया फरार यांच्या संस्थेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे त्यांचे चरित्रकार नोंदवितात. तेव्हा या भूमीला स्त्रीशिक्षणाचा वारसा दुहेरी आहे. तरीही २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली नऊशेहूनही कमी होत्या. ज्या मुलीचे जन्माला येणेच नाकारले जाते, तिच्या शिक्षणाची चर्चा कोठून सुरू करावी?

कुटुंब ही संस्काराची पहिली शाळा मानली जाते. त्या शाळेत मुलाच्या हाती केरसुणी आणि मुलीच्या हाती सायकल, घरखर्चाचा हिशेब व मैदान येऊ द्या. दोघांनाही आपापल्या गतीने वाढू द्या. माणकोजींनी आपल्या अंगणात जे केले, ते प्रत्येक अंगणात घडले, तर जिल्ह्याला मिळालेले नाव सार्थ होईल.