यंत्राची स्मृती आणि माणसांची विस्मृती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगणकाच्या पूर्वेतिहासावर मी चार शब्द बोलावेत, अशी आपल्या कार्यकारिणीने आज्ञा केली. मी शास्त्रज्ञ नाही. कला शाखेचा एक साधा पदवीधर आहे. परंतु सारी हयात सरकारी फायलींच्या सहवासात गेल्यामुळे एक गोष्ट मला पुरती ठाऊक आहे. काम कोणी केले आणि कागदावर नाव कोणाचे उमटले, या दोन प्रश्नांची उत्तरे नेहमी एकच असतात असे नाही. संगणकाचा इतिहास वाचताना हे अंतर मला पावलोपावली जाणवले. त्याच वाटेने आज आपल्याला घेऊन जाण्याचा मानस आहे.

‘कॉम्प्युटर’ हे मुळात माणसाच्या हुद्द्याचे नाव होते, हे ऐकून कदाचित आश्चर्य वाटेल. आपल्याच देशात, महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात, राधानाथ शिकदार नावाचे तरुण बंगाली गणिती १८३१ साली या हुद्द्यावर रुजू झाले आणि पुढे मुख्य ‘कॉम्प्युटर’ झाले. हिमालयातील पंधरा क्रमांकाचे शिखर जगात सर्वांत उंच आहे, हे ज्या आकडेमोडीतून सिद्ध झाले तीत त्यांचा मोठा वाटा होता. १८५६ साली २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली. शिखराला नाव मात्र मिळाले ते माजी सर्वेक्षणप्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांचे.

हाताने केलेल्या आकडेमोडीत चुका राहत, आणि त्या छापील कोष्टकांत उतरल्या की नौकानयनासारख्या कामांत महागात पडत. म्हणून इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी कोष्टके आपोआप तयार करणारे यंत्र योजिले. १८२३ पासून ब्रिटिश सरकारने त्यासाठी पैसा दिला. सुमारे सतरा हजार पौंड खर्ची पडल्यावर १८४२ साली हात आखडता घेतला. यंत्र अपुरेच राहिले. मधल्या काळात बॅबेज यांचे मन त्याहून थोर कल्पनेकडे धावले होते. त्यांच्या वैश्लेषिक यंत्रात संख्या साठवण्याचे ‘कोठार’ वेगळे, त्या दळणारी ‘गिरणी’ वेगळी, आणि आज्ञा द्यायच्या त्या जॅकार्डच्या विणमागावरच्यासारख्या छिद्रे पाडलेल्या पत्त्यांनी. आजच्या संगणकाचा सांगाडा याहून फारसा निराळा नाही. या यंत्राचे मर्म ज्यांनी ओळखले त्या एडा लव्हलेस. १८४३ साली त्यांनी त्यावर विस्तृत टिपणे प्रसिद्ध केली, पण त्याखाली केवळ आद्याक्षरे घातली. बॅबेज यांचे एक भाग्य थोर, की त्यांचे आराखडे जपले गेले. त्यांवरून लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१ साली त्यांचे दुसरे कोष्टकयंत्र उभारले आणि ते बिनचूक चालले. निर्मात्याच्या मृत्यूला तेव्हा १२० वर्षे लोटली होती.

सर्वांचेच भाग्य असे नसते. बर्लिनमध्ये कोनराड त्सूझे या अभियंत्याने आईवडिलांच्या घरातील दिवाणखान्यात आपले पहिले यंत्र जुळवले. १९४१ साली त्याचे तिसरे यंत्र, आज्ञावलीनुसार चालणारे, प्रत्यक्ष काम करू लागले. पुढे बाँबवर्षावात ते नष्ट झाले, आणि युद्धाच्या धुमाळीत बाहेरच्या जगाला त्याचा पत्ताही लागला नाही.

इंग्लंडची कथा अधिक चटका लावणारी आहे. टॉमी फ्लॉवर्स हे गवंड्याचे चिरंजीव, टपाल खात्यातील टेलिफोनचे अभियंते. जर्मनांचे सांकेतिक संदेश उकलण्यासाठी सुमारे दीड हजार व्हॉल्व्हचे यंत्र बांधण्याचा त्यांनी प्रस्ताव मांडला. इतके व्हॉल्व्ह एकत्र टिकणे अशक्य, असे जाणकारांचे मत पडले. फ्लॉवर्स यांना टेलिफोनच्या अनुभवावरून ठाऊक होते की, व्हॉल्व्ह वारंवार चालू-बंद न करता सतत तापते ठेवले तर ते दीर्घकाळ चालतात. १९४४ च्या आरंभी ‘कोलॉसस’ ब्लेचली पार्कमध्ये कामाला लागले. युद्धाच्या अखेरीस अशी दहा यंत्रे होती. त्यानंतर बहुतेक यंत्रे मोडण्यात आली, आणि फ्लॉवर्स यांनी हुकमानुसार आपल्या हातांनी कागदपत्रे भट्टीत जाळली. १९७० नंतरच्या दशकापर्यंत त्यांना त्याविषयी अवाक्षर काढता आले नाही. दरम्यान पाठ्यपुस्तकांत पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकाचा मान अमेरिकेला मिळून गेला होता.

तो मान ज्या यंत्राला मिळाला ते ‘एनिअ‍ॅक’. पेनसिल्वेनिया विद्यापीठात जॉन मॉक्ली व प्रेस्पर एकर्ट यांनी ते उभारले आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये जगापुढे आणले. वजन सुमारे तीस टन, सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह, सेकंदाला पाच हजार बेरजा! या महाकाय यंत्राकडून गणिते करवून घेतली ती कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन या सहा तरुणींनी. शिकवायला कोणी नव्हते. तारांच्या जोडणीचे आराखडे वाचून त्या स्वतःच शिकल्या. कचेरीच्या दप्तरी त्यांची श्रेणी मात्र ‘उप-व्यावसायिक’! प्रात्यक्षिक यशस्वी झाल्यावर मेजवानी झडली. या सहा जणींना तिचे निमंत्रण नव्हते. पुढे अनेक वर्षे छायाचित्रांत त्या दिसत, परंतु नावे कोणी विचारीत नसे.

स्वतः मॉक्ली आणि एकर्ट यांचीही कहाणी सरळ नाही. आज्ञा यंत्राच्या स्मृतीतच साठवाव्यात, हा विचार त्यांच्या गटाच्या चर्चेतून पुढे आला होता. १९४५ साली त्याचा मसुदा फिरला, तो एकट्या जॉन फॉन नॉयमन यांच्या नावाने. आणि दुसरीकडे, आयोवातील प्राध्यापक जॉन अटानासॉफ व त्यांचे विद्यार्थी क्लिफर्ड बेरी यांनी १९३९ ते १९४२ या काळात एक छोटे इलेक्ट्रॉनिक यंत्र बांधले होते. ते मॉक्ली यांनी जून १९४१ मध्ये त्यांच्याकडे मुक्काम करून पाहिले होते. पेटंटचा अर्ज महाविद्यालयाकडून गेलाच नाही. यंत्रही पुढे मोडले. अखेर १९ ऑक्टोबर १९७३ रोजी अमेरिकेच्या न्यायालयाने एनिअ‍ॅकचे पेटंट रद्द ठरवले आणि मूळ कल्पना अटानासॉफ यांची असल्याचा निर्वाळा दिला. तो ऐकायला बेरी राहिले नव्हते. १९६३ सालीच त्यांचे निधन झाले होते. न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे की, अटानासॉफ यांचे यंत्र एकाच प्रकारची समीकरणे सोडवणारे होते. एनिअ‍ॅकची झेप त्याहून कितीतरी मोठी होती.

मग संगणकाचा जनक कोण? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. गंगेचा उगम दाखवता येतो. पण काशीला आपण ज्या पाण्यात उभे राहतो त्यात किती नद्या मिसळल्या, याची मोजदाद कोण करणार? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली उभा केला. या प्रवाहात आपलीही एक ओंजळ आहे. ती ओतणाऱ्यांपैकी कितींची नावे आपल्याला सांगता येतील?

संगणकाला स्मृती असते. पण ती आपण भरू तेवढीच. म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या मंडळाला पन्नास वर्षे झाली. अध्यक्षांची व देणगीदारांची नावे स्मरणिकेत येतीलच. त्यांच्या जोडीला एक पान असे असावे, ज्यावर सतरंज्या घालणाऱ्यांची, वर्गणीच्या पावत्या फाडत दारोदार हिंडणाऱ्यांची आणि गणेशोत्सवाच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या भगिनींची नावे असतील. ज्यांना ती आठवतात ती मंडळी आज या सभागृहात बसली आहेत. ती नावे आजच लिहून घ्यावीत.