हात लावल्यावाचून सेवा कशी व्हावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वाढदिवसाच्या दिवशी साथीच्या रोगाचे नाव काढावे, हे काहींना रुचणार नाही. परंतु आजाऱ्याची विचारपूस करणे हा आपल्या मंडळाचा पहिल्यापासूनचा रिवाज आहे. म्हणून दिव्यांगांच्या निवासी शाळा आणि वसतिगृहे यांविषयी मी आज बोलणार आहे.

2020 च्या मेच्या आरंभी आपला वर्धा जिल्हा कोरोनाच्या हिरव्या क्षेत्रात होता. पुढे फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावती-यवतमाळप्रमाणे आपल्याकडेही रुग्ण झपाट्याने वाढले. विषाणू शरीरात आपल्या नकला काढतो. नकलेत चुका होतात, आणि एखादी चूक त्याच्याच पथ्यावर पडते. अशाच एका नव्या अवताराला 31 मे 2021 रोजी 'डेल्टा' हे नाव मिळाले. तो ऑक्टोबर 2020 मध्ये भारतातच प्रथम आढळला होता. 26 नोव्हेंबर 2021 रोजी 'ओमायक्रॉन'चे नामकरण झाले.

त्या काळात सर्वांना एकच उपदेश होता : अंतर ठेवा. आपण तो पाळला. पण ज्या मुलाला घास भरवावा लागतो, कूस बदलून द्यावी लागते, त्याने अंतर कसे ठेवावे? आंधळ्याचे डोळे त्याच्या बोटांत असतात. बहिरा समोरच्याच्या ओठांवरून शब्द ओळखतो. तेच आपण मुखपट्टीने झाकले. कित्येकांना घसा दुखतो हे सांगताही येत नाही. ते जेवण नाकारतात, चिडतात, कोपऱ्यात बसून राहतात. ही खूण रोज भरवणाऱ्या मावशीलाच कळते.

2020 साली मुंबईत मानखुर्दच्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या बालगृहात सुमारे 30 मुलांना लागण झाली. नोव्हेंबर 2021 च्या अखेरीस ठाणे जिल्ह्यातील खडवलीच्या वृद्धाश्रमात साठांहून अधिक जण बाधित निघाले. त्यांतील बहुतेकांनी लशीच्या दोन्ही मात्रा घेतल्या होत्या. लस प्राण वाचवते, पण नवा अवतार दारातून आत येणारच नाही अशी हमी ती देत नाही. इंग्लंडमध्ये 2020 च्या जानेवारी ते नोव्हेंबर या काळात कोरोनाने दगावलेल्या दर दहांपैकी सुमारे सहा जण अपंग होते. त्यांत वृद्ध पुष्कळ होते हे खरे, तरी आकडा विसरण्याजोगा नाही.

आपल्याकडे 2016 च्या कायद्याच्या आठव्या कलमाने आपत्तीत दिव्यांगांना समान संरक्षण देऊ केले आहे. प्रत्यक्षात मार्च 2021 मध्ये गंभीर अपंगत्व असलेल्यांना लस खुली झाली ती पंचेचाळीस वर्षांपुढच्यांना. विशी-तिशीतल्यांना 1 मेपर्यंत थांबावे लागले. अंथरुणावरून न उठणाऱ्यांना घरी जाऊन लस देण्याची परवानगी मिळायला सप्टेंबर उजाडला.

काही म्हणतात, साथ आली की संस्थेचे फाटक बंद करावे. भगिनींनो, रोग पुष्कळदा सेवा करणारीच्या अंगावरूनच आत जातो, आणि तिच्यावाचून तर क्षणभरही चालत नाही. ती ताप अंगावर काढून का येते? खाडा पडला की पगार कापला जातो म्हणून! तिला दोष देण्यापूर्वी तिच्या घरची चूल कशी पेटते ते पाहावे.

जवळ राहावे आणि जपूनही राहावे, ही शिकवण आपल्या जिल्ह्याला नवी नाही. 1936 साली मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठसेवा आरंभिली. 1939 साली परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात स्वतंत्र झोपडी दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळले. झोपडी निराळी होती, माणूस परका नव्हता.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. जवळच्या संस्थेतील मावशींना आजारपणाची भरपगारी रजा मिळावी, यासाठी मंडळाने चालकांना भेटावे. बहिऱ्या मुलांच्या शिक्षिकांकरिता ओठ दिसतील अशा पारदर्शक खिडकीच्या मुखपट्ट्या आपल्या शिवणवर्गाने शिवून ठेवाव्यात. आणि मावशी आजारी पडली तर तिच्या जागी उभ्या राहतील अशा दहा जणींनी भरवणे, उचलणे, स्वच्छता राखणे हे आताच, साथ नसतानाच, शिकून घ्यावे.

वही चिटणीसबाईंपाशी ठेवली आहे. पहिले नाव मी माझे लिहिले आहे. उरलेली नऊ आपण लिहावीत, एवढे बोलून मी आपली रजा घेते.