हैदराबाद आणि युक्रेन : एकच कसोटी

(फर्दापूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अजिंठा घाटाच्या पायथ्याचे हे फर्दापूर 1948 पर्यंत निजामाच्या राज्याच्या टोकाचे गाव होते. उत्तरेस थोड्याच अंतरावर खानदेश लागतो. 15 ऑगस्ट 1947 ला तेथे तिरंगा फडकला. येथील जनतेला आणखी तेरा महिने वाट पाहावी लागली. म्हणूनच लहान राज्य आणि त्याचा मोठा शेजारी यांच्या संबंधांचा प्रश्न आपल्याला परका नाही.

युक्रेनचा विषय निघाला की आपल्याकडे एक युक्तिवाद केला जातो. साम्राज्य गेल्यावर भारताने हैदराबाद सामावून घेतले; मग रशियाने युक्रेनवर हक्क सांगितला तर बिघडले कोठे? वरवर साम्य आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. 29 नोव्हेंबर 1947 रोजी निजामाने भारताशी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार केला. करारभंगाचे आरोप दोन्ही बाजूंनी झाले. भारताने आर्थिक नाकेबंदी केल्याचे गाऱ्हाणे निजाम सरकारने मांडले आणि प्रकरण सुरक्षा समितीपर्यंत नेले. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सेना हैदराबाद राज्यात शिरली. 17 तारखेस निजाम शरण आला.

युक्रेनचीही कहाणी करारांचीच आहे. 1994 साली बुडापेस्ट येथे त्याने आपल्या भूमीवरील अण्वस्त्रे सोडण्याचे मान्य केले आणि रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी त्याच्या सरहद्दींचा आदर करण्याचे वचन दिले. 1997 च्या मैत्री करारात रशियाने तेच पुन्हा मान्य केले. पुढे 2006 व 2009 च्या जानेवारीत दराच्या वादातून रशियाने वायूचा पुरवठा तोडला, 2014 मध्ये क्रिमिया घेतला आणि 24 फेब्रुवारी 2022 ला चौफेर आक्रमण केले.

मग फरक कोणता? फरक जनतेच्या संमतीचा आहे. हैदराबादेत स्वतंत्र राहण्याचा हट्ट निजामाचा होता. प्रजेला कोणी विचारलेच नव्हते. प्रजेने आपले मत स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करून, तुरुंगवास पत्करून आणि रझाकारांचे अत्याचार सोसून दिले. उलट युक्रेनच्या जनतेने 1 डिसेंबर 1991 रोजी मतपेटीतून कौल दिला. मतदान करणाऱ्या दहांपैकी नऊजणांनी स्वातंत्र्य मागितले. क्रिमियातही बहुमत स्वातंत्र्याच्याच बाजूने होते. समान इतिहास, भाषा वा धर्म यांच्या नावाने हा कौल पुसून टाकता येत नाही.

परंतु ही कसोटी आपल्यालाही लावली पाहिजे. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात निरपराध मुसलमानांच्या हत्या झाल्या. भारत सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सबंध राज्यातील मृतांची संख्या 27 ते 40 हजार असल्याचा अंदाज केला. तो अहवाल कित्येक दशके जनतेसमोर आला नाही. रझाकारांच्या क्रौर्याने या हत्यांचे समर्थन होत नाही. मुक्तिदिनाच्या सभेत आपण हेही सांगितले पाहिजे. स्वतःच्या घरातील अन्याय झाकणाऱ्याच्या निषेधाला जगात वजन राहत नाही.

2 मार्च 2022 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 141 विरुद्ध 5 मतांनी रशियाच्या आक्रमणाचा निषेध केला. तटस्थ राहिलेल्या 35 राष्ट्रांत भारत होता. शस्त्रास्त्रांसाठी रशियावर असलेले अवलंबन ही सरकारची अडचण असेल. पण पक्ष म्हणजे परराष्ट्र खाते नव्हे. 1956 साली हंगेरीच्या प्रश्नावर भारत सरकार कचरले, तेव्हा जयप्रकाशजींनी स्पष्ट शब्दांत टीका केली. 1968 मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या प्रश्नावर अशोक मेहतांनी मंत्रिपद सोडले. त्यांनी अमेरिकेची तळी उचलली नव्हती. दोन्ही गटांना एकच न्याय लावला होता.

नाटोच्या विस्तारावर आपण टीका करतो, ती यापुढेही केली पाहिजे. मात्र लष्करी गटांचा विरोध हे आक्रमणाबद्दल मौन पाळण्याचे निमित्त होऊ नये. इराकवरील अमेरिकी आक्रमणाविरुद्ध जो शब्द वापरायचा, तोच युक्रेनवरील रशियन आक्रमणाविरुद्ध वापरला पाहिजे. अलिप्तता म्हणजे कोणत्याही बलाढ्याच्या गोटात न शिरता दुर्बळाची बाजू घेण्याचे स्वातंत्र्य होय. ते आपण वापरणार नसू, तर आपल्या अलिप्ततेला काही अर्थ उरत नाही.