चार ओळींची बातमी
(गणेशोत्सवातील भाषण)



भाषण करणे हा काही आमचा पेशा नाही. पदविका घेऊन सरकारी नोकरीत लागलो आणि वीस वर्षे रस्ते, मोऱ्या आणि फायलींत गेली. तेव्हा वर्तमानपत्राविषयी बोलायचे ते आम्ही आमच्या टेबलाच्या बाजूनेच बोलणार.

काही पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातल्या एका वाडीचा साकव पुरात वाहून गेला. दोन दिवस मोबाइलवर फोटो फिरत होते. आमच्याकडेही आले. पण फोटो कुठला, कधीचा, पाठवणारा कोण, काही कळेना. कोणीतरी दुसऱ्याच गावाचा जुना फोटोही त्यात घुसडला होता. आम्ही पाहिले आणि पुढे सरकवले. चूक आमचीच, कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी मराठी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. वाडीचे नाव, ओढ्याचे नाव, वार, आणि शाळेची किती मुले अडकली आहेत ते. साहेबांनी कात्रणावर शेरा मारून ते आमच्या टेबलावर पाठवले. आम्ही खाली कन्नड भाषांतर जोडले, आवक क्रमांक पडला, आणि आता उत्तर देणे भाग होते. त्याच आठवड्यात आम्ही जागेवर गेलो. ती बातमी लिहिणारा वार्ताहर म्हणजे गावातला एक दुकानदार होता.

मित्रहो, फोटो हजार लोकांनी पाहिला होता, पण जबाबदारी कोणावरच नव्हती. वर्तमानपत्राच्या प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे असतात. मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव छापण्याचे बंधन १८६७ च्या कायद्यातही होते. म्हणून त्या चार ओळींना वजन असते.

मराठी पत्रकारितेची सुरुवात आपण ६ जानेवारी १८३२ ची मानतो. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ मुंबईत निघाले. पण खेड्यात राहून खेड्यासाठी पत्र चालवले ते मुकुंदराव पाटलांनी. त्यांचे ‘दीनमित्र’ १९१० साली सुरू झाले, आणि नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या लहान गावातून ते १९६७ पर्यंत त्यांनी चालवले. शेतकऱ्याचे कर्ज, त्याचे अज्ञान, त्याची पिळवणूक हे त्यांचे विषय. आपल्या बेळगावात बाबूराव ठाकुरांनी १९१९ साली ‘तरुण भारत’ सुरू केला. या भागातल्या कितीतरी घरांत मुले मराठी वाचायला शिकली ती पाटीवर आणि पेपरावर.

आज गावच्या वार्ताहराची स्थिती काय आहे? मानधन नाममात्र. वाढदिवसाच्या आणि सणाच्या जाहिराती मिळवाव्या तेव्हा चार पैसे सुटतात. ज्याची जाहिरात घेतली त्याच्याविरुद्ध लिहायचे कसे, हा पेच त्याच्यापुढे रोज असतो. तो थकून थांबला की त्या गावाचे नाव पेपरातून जाते. आणि आम्ही अनुभवाने सांगतो, पेपरातून गेलेले गाव हळूहळू आमच्या फायलींतूनही जाते.

आपण बहुतेक जण शहरात स्थिरावलो, पण देवघरातला देव गावचा आणि जत्रेची वर्गणीही गावचीच. म्हणून तीन गोष्टी मागतो. गावच्या वाचनालयात किंवा देवळात एका पेपराची वर्षाची वर्गणी भरा. मंडळाच्या जाहिरातीतला थोडा वाटा लहान पत्रांना द्या, आणि त्या बदल्यात बातमी दाबायला सांगू नका. तिसरे, गावी काही घडले तर नाव, गाव, तारीख घालून चार ओळी लिहून पाठवा.

त्या ओळी वाचायला आणि उत्तर द्यायला टेबलाच्या या बाजूला आम्ही आहोतच.

गणपती बाप्पा मोरया!