शेकडा शंभर निकालाचा हिशेब

(पालकांच्या सभेत एका वकिलाने केलेले भाषण)



गेल्या सभेनंतर आपल्यापैकी दोघा-तिघांनी माझ्या हाती शाळांची छापील पत्रके ठेवली आणि विचारले, "वकीलसाहेब, ह्यांतील कोणत्या शाळेत मुले घालावीत?" शाळा लहान, वर्गात वीस-पंचवीस मुले आणि निकाल शेकडा शंभर, असा त्या पत्रकांचा मजकूर. उत्तर देण्यापूर्वी मी आपणांस जरा दूर नेणार आहे. हाच प्रश्न अमेरिकेतील गरीब पालकांपुढे तीस वर्षांहून अधिक काळ उभा आहे.

तेथे 'चार्टर शाळा' नावाचा प्रकार आहे. चार्टर म्हणजे सनद. शाळेचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो, मुलांकडून फी घेता येत नाही, मात्र कारभार स्वतंत्र मंडळाकडे असतो. मुलांची प्रगती दिसली नाही तर सनद काढून घेता येते. मिनेसोटा राज्याने १९९१ साली ह्याचा पहिला कायदा केला व १९९२ साली सेंट पॉल शहरात पहिली शाळा उघडली. २०२१ साली अशा शाळांतून सुमारे ३७ लाख मुले शिकत होती व त्यांत निम्म्याहून अधिक मुले कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक घरांतील होती. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ह्या शाळा पुष्कळ आहेत. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ह्या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याला लागूनच हा भाग आहे.

ह्या शाळा चांगल्या की वाईट? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली तुलना केली, तेव्हा गणितात शेकडा १७ शाळा त्याच तोडीच्या सरकारी शाळांपेक्षा सरस निघाल्या, ३७ मागे पडल्या आणि उरलेल्यांत फरक आढळला नाही. त्याच संशोधकांनी २०२३ साली पुन्हा पाहिले, तेव्हा चार्टर शाळांतील मुले सरासरीने थोडी पुढे होती. म्हणजे केवळ 'चार्टर' ह्या पाटीवरून काही कळत नाही. प्रत्येक शाळेचा हिशेब वेगळाच मांडावा लागतो.

आता लहान शाळेचा हिशेब कसा फसवतो ते पाहा. वर्गात वीस मुले असली तर एक मूल म्हणजे शेकडा पाच. दोन मुलांना परीक्षेच्या आठवड्यात ताप आला की निकाल दहांनी खाली येतो. पुढल्या वर्षी दोन हुशार मुले आली की तो दहांनी वर चढतो. शिक्षक तेच, शिकवणे तेच. म्हणूनच हॉवर्ड वेनर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने २००७ साली दाखवून दिले, की सर्वोत्तम शाळांच्या यादीत लहान शाळा जशा अधिक असतात, तशाच त्या सर्वांत मागासलेल्या शाळांच्या यादीतही अधिक असतात. पत्रक छापणारा पहिलीच यादी दाखवतो, हे सांगावयास नकोच.

दुसरी गोष्ट, निकाल कोणाचा? अमेरिकेत २००२ साली अमलात आलेल्या कायद्याने शाळांचा निकाल वंशवार, गरीब घरांतील मुलांचा निराळा, अपंग मुलांचा निराळा, असा प्रसिद्ध करणे भाग पाडले. वकील म्हणून मला हे कलम फार मोलाचे वाटते. सरासरीच्या पदराआड लपलेली मुले त्याने उजेडात आली. परंतु एखाद्या गटात ठरावीक संख्येपेक्षा कमी मुले असली, तर त्या गटाचा आकडा छापला जात नाही. लहान शाळेत नेमकी हीच मुले कागदावरून नाहीशी होतात!

तिसरी गोष्ट, आत कोण आले आणि बाहेर कोण गेले? जागांपेक्षा अर्ज अधिक आले तर तेथे सोडत काढतात. बॉस्टन शहरात संशोधकांनी सोडतीत नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना केली. दोन्हीकडचे पालक सारखेच धडपडे होते. तरीही चार्टर शाळेत गेलेली मुले गणितात बरीच पुढे निघाली. तेव्हा सगळेच आकडे खोटे असे मी म्हणणार नाही. पण आलेले मूल टिकले का, हे सोडत सांगत नाही.

हे मला कोणी शिकवले? एका माउलीने. आपल्याच समाजातील ही बाई गेल्या वर्षी माझ्या कचेरीत आली. मुलगा नववीत नापास झालेला. शाळेने गोड शब्दांत सुचविले, "दाखला काढून घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसवा." तिने मला विचारले, "साहेब, कायद्यात ह्याला काही आधार आहे का?" २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवी पुरी होईपर्यंत मुलास शाळेतून काढता येत नाही, नववीत ते कवच संपते. मी तिला हे सांगितले, तेव्हा मला माझ्या पदवीची लाज वाटली. मुख्याध्यापकांना पत्र लिहून मुलाला त्याच वर्गात पुन्हा बसविण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली, इतकेच. त्या शाळेचा दहावीचा निकाल त्या वर्षीही शेकडा शंभर होता.

तेव्हा पत्रक हाती आले की शाळेत जाऊन विचारा: दोन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर किती नावे होती, आणि यंदा त्यांतील किती मुले दहावीला ह्याच शाळेतून बसली? आपल्या समाजाची मुले किती होती, त्यांतील किती उरली? पंचवीस टक्क्यांच्या सोडतीतून आलेली मुले आठवीनंतर कोठे गेली? एकाच वर्षाचा नव्हे, पाच वर्षांचा निकाल मागा.

आणि प्रवेशाच्या अर्जात धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिण्यास कचरू नका. १९९० च्या दुरुस्तीनंतर धर्मांतराने अनुसूचित जातीच्या सवलती जात नाहीत. जातीचा दाखला मात्र जवळ ठेवा. नोंद अर्धवट राहिली, तर आपली मुले किती हे उद्या विचारता येणार नाही.

ज्यांनी मला पत्रके दिली, त्यांनी पुढील सभेस त्या शाळांच्या पटाचे आकडे घेऊन यावे. शाळेने ते देण्यास नकार दिला, तर तसे लिहून आणा. पुढचा अर्ज मी लिहून देईन.