दूध, मांस आणि नगराची जबाबदारी



स्मृतिव्याख्यानासाठी असा रूक्ष विषय निवडल्याचे काहींना नवल वाटेल. परंतु या बडोदे नगरीला सयाजीराव महाराजांनी आजव्याचे पाणी दिले, तेव्हा शुद्ध पाणी पुरविणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. दूध आणि मांस यांनाही तोच न्याय लागू व्हावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

दुधाविषयीची आपली चिंता बहुधा पाण्यापाशी थांबते. पाणी मिसळले की दुधाची घनता घटते आणि लॅक्टोमीटर ते सांगतो. पण साय काढल्याने घनता वाढते. म्हणून आधी साय काढून मग बेताने पाणी घातले, तर लॅक्टोमीटर फसतो. स्निग्धांश मोजल्यावाचून ही लबाडी उघडकीस येत नाही. जनावराच्या क्षयाचे वा ब्रुसेलोसिसचे जंतू तर त्याला मुळीच कळत नाहीत. दूध उकळण्याच्या आपल्या रिवाजाने ते मरतात, हे खरे. परंतु बुरशी लागलेल्या पशुखाद्यातून दुधात उतरणारे अफ्लाटॉक्सिन एम-1 उकळूनही जात नाही. 2018 च्या राष्ट्रीय पाहणीत 6,432 नमुन्यांपैकी आरोग्याला घातक भेसळ 12 नमुन्यांत आढळली. हे विष मात्र 368 नमुन्यांत मर्यादेपेक्षा अधिक होते. म्हणजे गवळ्याच्या कॅनइतकेच लक्ष गोठ्यातील गव्हाणीकडेही हवे.

1954 च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा आता 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली आहे. त्यानुसार विश्लेषकाला अहवालासाठी 14 दिवसांची मुदत असते. तोवर ते दूध केव्हाच पिऊन झालेले असते. अहवालाने अपराध्याला शासन होईल. लेकराचे रक्षण होणार नाही. ते केवळ आधीच्या नियमित तपासणीने होते.

कत्तलखान्याचा विषय निघाला की शाकाहारी कुटुंबे मान फिरवितात. ही अलिप्तता परवडणारी नाही. तेथे पशुवैद्य कत्तलीपूर्वी जनावराची चाल व ताप पाहतो आणि नंतर फुप्फुसे, यकृत व लसिकाग्रंथी तपासतो. आटलेल्या म्हशीच्या फुप्फुसात क्षयाच्या गाठी दिसल्या, तर ती वार्ता ज्या गोठ्यातून ती आली त्या गोठ्याची, पर्यायाने तेथील दुधाची असते. मांस न खाणाऱ्याच्या पेल्याचे रक्षणही असे तेथूनच होते. 2001 च्या नियमांनुसार एका पशुवैद्याने तासाला 12 आणि दिवसाला 96 हून अधिक जनावरे तपासू नयेत. घाईने केलेली तपासणी म्हणजे नुसता शिक्का, हे त्या मर्यादेमागचे मर्म होय.

सज्जनहो, या शाळेचे विद्यार्थी आज अनेक अधिकारपदांवर आहेत. त्यांनी आपापल्या नगरसंस्थेला तीन प्रश्न विचारावेत: वर्षभरात दुधाचे किती नमुने घेतले? अहवाल किती दिवसांत आले? कत्तलखान्यात किती जनावरांमागे एक पशुवैद्य आहे? उत्तरे मिळेपर्यंत विचारीत राहावे. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांना याहून अनुरूप आदरांजली मला सुचत नाही.